चालू स्थितीतला बंब

मोठ्या माणसाला वाचायला शिकवू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. लहान मुलांचं ठीक असतं. ती धडा वाचतात, पान उलटतात आणि विसरून जातात. मोठा माणूस वाचलेलं खरं मानून बसतो. तीस-पस्तीस वर्षं मी मास्तरकी केली, पण वाचलेल्या अक्षराप्रमाणे वागणारा विद्यार्थी मला एकच मिळाला. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता आणि नंदुरबार-शहादा रस्त्यावर सर्व्हिस मोटर चालवत होता.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. तापीकाठच्या एका गावातलं खाऊन-पिऊन सुखी शेतकरी घर. शेती भावांवर सोपवून यांनी मोटर घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "बैलनं मन राखनं पडस. मोटरले मनच नही." मोटरीचे मालक तेच, ड्रायव्हर तेच, टपावर गाठोडी चढवणारे हमालही तेच. अंगात कुणा फौजीनं विकलेला पितळी बटणांचा खाकी कोट, डोक्याला लाल पटका, आणि मिशा अशा की मोटर वेगात असली की त्या कानांकडे वळत.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी शहाद्याला बोर्डाच्या शाळेत नवा मास्तर होतो, अजून कायम झालो नव्हतो. बिऱ्हाड नंदुरबारला. शनिवारी दुपारी घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, ते आप्पांच्या मोटरीतून. त्या रस्त्यावर दुसरीही एक मोटर होती, पण तिचा ड्रायव्हर गाणी म्हणे आणि तीही चुकीच्या सुरात.

वाटेतल्या प्रकाशा गावाजवळ तापीवर तेव्हा पूल नव्हता. पाणी उतरलं की पात्रातून कच्चा रस्ता निघे. वाळूत मोटर रुतू नये म्हणून सगळ्यांनी उतरून चालायचं, आणि पलीकडे गेल्यावर इंजिन गार होईपर्यंत थांबायचं. एकदा असे थांबलो असताना आप्पा माझ्याजवळ आले. हातातलं मोटर सुरू करायचं लोखंडी हँडल त्यांनी वाळूत खुपसलं आणि म्हणाले, "मास्तर, मले मन्हं नाव लिखी दाखाडा."

"आता या वयात कशाला?" मी विचारलं.

"हापिसमा बाबू मन्हा आंगठा धरस ना," ते म्हणाले, "तो कसा, बकरीना कान धरतस तसा धरस. मंग शाईमा दाबस, मंग कागदवर दाबस. वरतून म्हनस, हलू नको. मी काय हलस?"

मला हसू आलं, पण आप्पा हसत नव्हते. मी हँडलनं वाळूत त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी ते पाहिलं, पटका सारखा केला आणि कुणी त्यावरून चालू नये म्हणून मोटर निघेपर्यंत तिथे उभे राहिले.

दोन हिवाळे आमची ही शाळा तापीच्या वाळूत चालली. आप्पांना अक्षरं लवकर आली, कारण चुकलेलं अक्षर पायानं पुसायला त्यांना मुळीच लाज वाटत नसे. मामलेदार कचेरीत त्यांनी पहिली सही केली तेव्हा स्वतःचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि गाव असं सगळं लिहिलं. रांगेतला मागचा माणूस कंटाळून बाहेर विडी ओढून आला तरी आप्पा आजाच्या नावावरच होते. त्या दिवशी मोटरस्टँडवर त्यांनी गूळ-फुटाणे वाटले.

आणि मग ते वाचायला लागले. इथून आमचे सगळ्यांचे हाल सुरू झाले.

मोटरीत पेंटरनं पहिल्यापासून दोन पाट्या रंगवलेल्या होत्या. तोवर आप्पांना ती नक्षी वाटे. एका पाटीवर लिहिलं होतं, 'चालकाशी बोलू नये'. ही वाचल्या दिवसापासून मोटर चालू असताना त्यांनी तोंड मिटलं. कुणी काही विचारलं की एक हात स्टिअरिंगवरून उचलून पाटी दाखवायची. "आप्पा, मला उतरायचंय" म्हटलं तरी पाटी. उतारू मोठे हुशार. ते आप्पांशी न बोलता आप्पांच्या भोंग्याशी बोलू लागले. "ए भोंगा, तुन्हा मालकले सांग, मन्हं गाठोडं टपवरतीन पडनं!" असं कुणी ओरडलं की आप्पा लगेच मोटर थांबवत. भोंग्याशी बोलू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसरी पाटी होती, '१२ उतारू'. एका सोमवारी मोटरीत मी धरून एकोणीस माणसं कोंबलेली पाहिली. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही एवढे कायद्याचे. पाटीवर बारा आहे ना?"

"बारा *उतारू*," आप्पांनी मलाच शिकवलं. "उतरनारा बारा. चढनारास्नं काही लिखेल नही."

मी मोजून पाहिलं. शहाद्याला बाराच उतरले. बाकीच्यांना त्यांनी आधीच वेशीबाहेर उतरवलं होतं. "लिखेल शे ना? मंग!" हे त्यांचं पालुपद. त्यापुढे वादच खुंटे.

आता बंबाकडे येतो. आणि हे आधीच कबूल करून टाकतो की बंबाचा मूळ पुरुष मी आहे.

धुळ्याच्या मोटर-हापिसातून सगळ्या सर्व्हिस मोटरवाल्यांना एक छापील कागद आला. इंग्रजीत. आप्पा तो घेऊन माझ्याकडे आले. मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा आपटलो होतो, पण शहाद्याच्या मोटरस्टँडवर हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही गवगवा केला नव्हता. कागदात एक शब्द होता, फायर एक्स्टिंग्विशर. त्यातलं फायर मला कळलं. उरलेला शब्द अंगावर आला. पुढेमागे वाचून अंदाज बांधला की आग विझवायची काही वस्तू मोटरीत ठेवायची आहे. आग विझवणाऱ्या गाडीला आपण बंब म्हणतो, तेव्हा मी छातीठोकपणे, वळणदार अक्षरात मराठी करून दिलं: 'प्रत्येक मोटरीत मंजूर नमुन्याचा आगीचा बंब असावा. तो चालकाच्या हाताशी व सदैव चालू स्थितीत असावा.' खाली तारीख घातली, आणि हौस म्हणून माझी सहीही केली.

आप्पांनी तो कागद दोनदा वाचला. घडी करून कोटाच्या वरच्या खिशात ठेवला, बटण लावलं आणि गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी मी नंदुरबारच्या स्टँडवर आलो, तो आप्पांच्या मोटरीच्या टपातून धूर निघत होता. मी धावलो. आत ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे पूर्वी एक माणूस बसे तिथे, आंघोळीचा तांब्याचा बंब बसवला होता. लखलखीत घासलेला. खाली राखेची जाळी, मधल्या नळीत फुललेले कोळसे, वर धुराडं, ते टपाला भोक पाडून बाहेर काढलेलं. बाजूला पितळी तोटी. आणि त्याच्या मागच्या फळीखाली पेट्रोलचा डबा.

"आप्पा, हे काय?"

"आगना बंब. हुकूम शे ना."

"अहो, तो हा बंब नव्हे! तो आग विझवायचा असतो."

"मंग येन्हामा पानी नही का? देखा, दोन घागरी मावतस."

"पण पेटवला कशाला?"

आप्पांनी बटण काढलं, कागद उघडला आणि माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "'सदैव चालू स्थितीत.' बंद बंब काय कामना? चालू म्हंजे पेटेल."

खरी गोष्ट अशी की आग विझवायची ती वस्तू दिसते कशी, हे मलाच माहीत नव्हतं. ती गोल असते का चौकोनी, पितळेची का लाकडाची, काही सांगता येईना. "आणि मंजूर नमुन्याचा?" मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

"घरनीनी मंजूर करेल शे," आप्पा म्हणाले.

हे मात्र खोटं होतं. बंब त्यांच्या घरच्या न्हाणीतून उपटून आणलेला होता, आणि तो त्यांच्या बायकोच्या माहेरचा होता. जिजी, म्हणजे त्यांच्या घरच्या, त्याच वेळी स्टँडवर येऊन उभ्या होत्या. "मोटरले ऊन पानी नि मन्हा कपाळमा थंडं!" असं त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत होत्या. आप्पांनी मोटर सुरू केली आणि पाटीकडे बोट दाखवलं. जिजींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या बोलतच राहिल्या.

लोकांना बंब फार आवडला. हिवाळ्याचे दिवस, सकाळची गार हवा आणि मोटरीत ऊन पाणी! म्हातारे बंबाला पाठ लावून बसण्यासाठी भांडू लागले. बाळंतिणीला माहेरी न्यायचं तर लोक बंबवाल्या मोटरीची वाट बघत. एकदा एक नवरदेव प्रकाशाला तापीच्या काठी बंबाच्या पाण्यानं न्हाला आणि तिथेच हळदीचे कपडे बदलून पुढे गेला. त्या गाणाऱ्या ड्रायव्हरची मोटर रिकामी धावू लागली. शेतातले लोक टपावरचा धूर पाहून काम थांबवत आणि आगगाडी रस्त्यानं कशी आली म्हणून बांधावर येत.

आणि प्रत्येक खेपेला, मोटर सुटण्याआधी, आप्पा उभे राहून तो कागद मोठ्यानं वाचून दाखवत. शेवटी माझं नावही वाचत. "मास्तरनी लिखी देयेल शे," म्हणून माझ्याकडे हात करत. लोक माझ्याकडे आदरानं बघत. खरं सांगायचं तर मला ते गोड लागू लागलं होतं. चार-दोनदा मनात आलं की धुळ्याला कुणाला तरी विचारून खरं काय ते सांगून टाकावं. पण आदर मिळत असताना चौकशी करायला कोण जातो?

मग एका सोमवारी धुळ्याचे मोटरसाहेब आले.

मोटरी तपासणाऱ्या अंमलदाराला आमच्याकडे मोटरसाहेब म्हणत. हे नवे आलेले होते, तरुण, कडक इस्त्रीचे. सकाळच्या गाडीनं नंदुरबारला उतरले आणि शहाद्याला जायला आप्पांच्याच मोटरीत चढले. रात्रभर प्रवासानं तोंड ओशटलेलं. आप्पांनी न सांगता तोटीतून तांब्या भरून दिला. साहेबांनी ऊन पाण्यानं तोंड धुतलं, मान धुतली, चूळ भरली आणि म्हणाले, "वा! अशी व्यवस्था मी जिल्ह्यात कुठे पाहिली नाही." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मीही जरा ताठ बसलो.

माझ्या शेजारी एक म्हातारी होती. तिनं नंदुरबारच्या बाजारातून लाल मिरच्यांचं पोतं घेतलं होतं, आणि जागा नसल्यानं ते बंबाच्या पायाशी टेकवलं होतं. साहेब बंबाच्या पलीकडे, गुडघे आखडून.

चार-पाच मैल गेल्यावर साहेबांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "तुझा फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे?"

आप्पांनी पाटी दाखवली.

"काय?" साहेब म्हणाले.

आप्पांनी पुन्हा पाटी दाखवली. मग साहेबांचा चेहरा पाहून मोटर बाजूला घेतली, थांबवली आणि अदबीनं विचारलं, "काय म्हनं साहेब?"

"ते... आग लागली तर विझवायचं. ठेवायचा हुकूम आहे ना?"

"हां, आगना बंब!" आप्पांचा चेहरा खुलला. "तो काय. आत्ते तुमी तोंड धुतं, तोच."

साहेबांनी बंबाकडे पाहिलं. धुराड्याकडे पाहिलं. मग फळीखाली वाकून पेट्रोलच्या डब्याकडे पाहिलं, आणि त्यांचा धुतलेला चेहरा उतरला. "हा पेटलेला आहे," ते हळूच म्हणाले.

"व्हय साहेब. चालू स्थितीमा शे."

साहेब भडकले. सरकारी हुकमाची ही टवाळी आहे, हे चळवळीतल्या कुणा गांधीटोपीवाल्याचं काम आहे, शहाद्याला पोचू दे, मग बघतो एकेकाला, असं बरंच बोलले. ते दिवसच तसे होते. सरकारची थट्टा केल्याच्या नुसत्या संशयावर आमच्या बोर्डाच्या दोन मास्तरांना घरी बसवलं होतं. मी कायम व्हायला अजून तीन महिने होते, आणि माझी सही आप्पांच्या खिशात होती.

आप्पांनी मोटर पुन्हा सुरू केली. तोंड मिटलं. साहेबांच्या रागानं बिचकले असावेत, कारण प्रकाशाच्या अलीकडचा तो मोठा खड्डा, जो ते झोपेतही चुकवत, तो त्यांनी नेमका गाठला. बंब उडाला. जाळीतून दोन निखारे निसटले आणि मिरच्यांच्या पोत्यावर पडले.

मिरची आधी पेटत नाही, आधी बोलते. पहिल्यांदा म्हातारी शिंकली. मग मी. मग सगळी मोटर. "पोतं पेटनं वं माय!" म्हणून म्हातारी ओरडली, पण ठसक्यात ती भोंग्याचं नाव घ्यायला विसरली. साहेब डोळे चोळत "थांबव! थांबव!" करत होते, आणि आप्पा, स्वतः खोकत, नाकातून पाणी गळत असताना, हात वर करून पाटी दाखवत होते.

शेवटी कुणीतरी भोंगाच दाबला. मोटर थांबली. माणसं दारातून, खिडकीतून, जिथून जमेल तिथून खाली पडली. आप्पा मात्र आतच राहिले. त्यांनी पेट्रोलचा डबा उचलून शेतात फेकला, पोतं तोटीखाली ओढलं आणि तोटी सोडली. दोन घागरी ऊन पाणी. फुस्स झालं आणि आग विझली. आप्पा दारात आले, डोळे रक्तासारखे लाल, आणि म्हणाले, "चालना ना बंब?"

आग बंबानंच लावली होती हे खरं, पण विझवली पण त्यानंच. एवढं मी त्या बंबाच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

साहेबांना काही दिसत नव्हतं. ते रस्त्याकडेला बसून कुणा उतारूच्या मडक्यातल्या गार पाण्यानं डोळे धूत होते. त्या पाच मिनिटांत जे झालं ते मी पाहिलं. आप्पांनी वरच्या खिशाचं बटण काढलं. कागद बाहेर काढला. उघडून एकदा वाचला, ओठ हलवत, अगदी माझ्या सहीपर्यंत. मग त्याची बारीक घडी केली आणि बंबाच्या नळीत, उरलेल्या निखाऱ्यांवर, टाकून दिला. लिहा-वाचायला शिकल्यानंतर त्यांना मिळालेला तो पहिला मोठा कागद होता, आणि त्यांना तो पाठ होता.

साहेब उठले. बाभळीखाली वही उघडून त्यांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. राग थोडा निवला होता, पण मुद्दा सुटला नव्हता. "हे बघ," ते आप्पांना म्हणाले, "तू असला प्रकार आपल्या मनानं करणार नाहीस. हुकूम तुला कुणीतरी मुद्दाम उलटा करून सांगितला. त्याचं नाव सांग, कागद असेल तर दाखव. तुझा काही दोष नाही, तुझी मोटर उद्यापासून चालू. नाही सांगितलंस, तर महिनाभर मोटर बंद."

मी आप्पांपासून चार हातांवर उभा होतो. दोन पावलं पुढे व्हायचं आणि म्हणायचं, "साहेब, ते मी लिहिलं." एवढंच. ते मला जमलं नाही. मी मिरचीच्या निमित्तानं डोळे पुसत उभा राहिलो. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

"कोनी नही सांगं," आप्पा म्हणाले. "मन्हाच डोकामा उनं."

"कुणी वाचून दाखवलं?"

"कोनी नही."

"म्हणजे तू स्वतः वाचलंस? वाचता येतं तुला?"

रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचणारा, पेट्रोलच्या डब्यावरचं, आगपेटीवरचं, लग्नपत्रिकेवरचं काहीही न सोडणारा तो माणूस साहेबांच्या वहीकडे बघत म्हणाला, "मले वाचता येस नही, साहेब. लिखताभी येस नही."

साहेबांचा विश्वास बसेना. ते उतारूंकडे वळले. "तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे? याला कुणी शिकवलं?"

आमच्या त्या मोटरीतल्या प्रत्येकानं तो कागद निदान दहा वेळा ऐकला होता, माझ्या नावासकट. कुणी बोललं नाही. साहेबांनी म्हातारीला विचारलं. तिच्या मिरच्या गेल्या होत्या, तिनं बोलायला हवं होतं. तिनं नाक पुसलं आणि मोटरीतल्या पाटीकडे हात केला.

"आठे बोलानी मनाई शे, बाप्पा," ती म्हणाली. "देख, लिखेल शे."

साहेबांनी जबाब लिहिला, 'इसम निरक्षर असून गैरसमजुतीने', आणि वही पुढे केली. शाईची गादी नव्हती. आप्पांनी उजवा अंगठा बंबाच्या धुराड्यावर घासला, काजळीनं काळा केला आणि आपणहून कागदावर दाबला. हलले नाहीत.

महिनाभर मोटर बंद राहिली. बंब जिजींच्या न्हाणीत परत गेला. मी सोमवारी त्या गाणाऱ्या ड्रायव्हरच्या मोटरीतून येऊ लागलो आणि ती शिक्षा मला पुरेशी वाटली नाही. एका रविवारी आप्पांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून नेले होते. आप्पा ओट्यावर बसून हळदीच्या पुडीचा कागद वाचत होते.

"मास्तर, तोंड काबर पाडी बठनात?" ते म्हणाले. "आंगठा मन्हा व्हता, तुमना थोडाच?" आणि पुडीवरची ओळ माझ्यापुढे धरून विचारलं, "हाई जोडाक्षर काय शे?"

तीन महिन्यांनी मी कायम झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा आप्पांनी एक घेतला आणि म्हणाले, "आते समदा शब्द नीट लिखज्या."

पुढे मोटरीत खरा बंब आला. सुरतेहून आणलेला, हातभर लांबीचा पितळी पंप. आप्पांनी तो हाताशी टांगला, पण त्यांचं मन काही त्यात रमलं नाही. "येन्हामा तोंडभी धोवाई जात नही," म्हणत. उतारूंनीही त्याला कधी पाठ टेकली नाही.

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटरी कोळशाच्या गॅसवर चालवायचं निघालं. मोटरीच्या पाठीला एक मोठी उभी टाकी बसवायची, खाली जाळी, आत पेटलेले कोळसे, वर धुराडं. पहिली तशी मोटर नंदुरबारला आली तेव्हा आप्पांनी मला हाताला धरून ती दाखवायला नेलं. भोवती एक फेरी मारली. "देखा मास्तर," ते म्हणाले, "शेवट सरकारलेभी बंबच लावना पडना!" इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

टाकी बसवायची परवानगी काढायला आम्ही दोघं धुळ्याला गेलो. हापिसात कारकुनानं आप्पांची जुनी फाइल काढली, चाळली आणि शाईची गादी पुढे सरकवली. "अंगठा ना?"

"नाही, नाही," मी घाईनं म्हणालो, "ते सही..." टेबलाखाली आप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. आणि ते बरोबरच होतं. सही केली असती तर बाभळीखालचा तो जबाब खोटा ठरला असता, आणि मग लिहिणारा कोण, हे पुन्हा निघालं असतं. त्या हापिसात आप्पा कायमचे निरक्षर होते.

कारकुनानं अर्ज पुढे ठेवला. या वेळी छापील मराठीत होता. आप्पा त्याच्यावर वाकले, चित्र बघावं तसे. पण मिशांखाली ओठ हलत होते, ते मला दिसत होतं. चौथ्या ओळीवर ते थांबले. परत मागे गेले. पुन्हा थांबले. मग माझ्या कानाशी आले.

"मास्तर, चवथा नंबर देखा. 'आगीचा बंब, एक.' सरकारनीभी तेच लिखेल शे. तुमनं बरोबर व्हतं."

मी पाहिलं. तसंच होतं. पुढे कंसात 'चालू स्थितीत' असंही होतं.

"काय म्हणतोय तो?" कारकुनानं विचारलं.

"काय लिहिलंय, ते विचारताहेत," मी म्हणालो.

"मग वाचून दाखवा की. मास्तर म्हणतोय ना तो तुम्हाला?"

मी अर्ज हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश, मोठ्यानं वाचायला लागलो. आप्पा हात जोडून ऐकत होते. दर ओळीला, जणू ती पहिल्यांदाच कानावर येते आहे अशी, मान डोलवत होते. एके ठिकाणी मी एक शब्द गाळला तेव्हा त्यांची मान थांबली. मी मागे जाऊन तो वाचला. मग ती पुन्हा डोलू लागली. वाचून संपलं तेव्हा त्यांनी पटका सारखा केला आणि कारकुनापुढे अंगठा धरला.